‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’

सकाळी पावणेआठला माझ्या सोनोग्राफी केंद्राचं शटर वर केलं तेव्हा मायलेक पायरीवर बसून होते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या गावाहून पहिल्या एसटीनं सांगलीत उतरलेले. मुलगा सव्वीस वर्षांचा, बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये पेट्या चढवण्या-उतरवण्याच्या कामाला. अंगावरचा शर्ट थोरल्या भावाचा असावा इतका ढगळ. कमरेच्या पट्ट्याला दुकानातून आलेल्या भोकांच्या आत आणखी तीन भोकं होती, खिळा तापवून पाडलेली, कडा काळ्या पडलेल्या. मी पोटावर फिरवायचा प्रोब हातात घेण्याआधीच त्या तीन भोकांनी निम्मी केस सांगून टाकली होती. चौदा महिन्यांत वजन ६१ किलोवरून ४९ वर आलं होतं.

त्याच्याजवळ मिरजेच्या एका फिजिशियनची चिठ्ठी होती. एरवी आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी, पोटदुखी’ एवढंच लिहिलेलं असतं. या चिठ्ठीवर चार ओळी होत्या. तीन वर्षांपासून बेंबीच्या वर दुखतं, पाठीत जातं, जेवल्यावर वाढतं. सहा महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. वजन घटतंय. दारू पीत नाही असं सांगतो. त्याखाली रेघ मारून वेगळं वाक्य: ‘स्वादुपिंड बघा. नुसतं पोट नको.’

हे सगळं लिहायला त्या दोघांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय तपशील बदललेले नाहीत.

दुखणं आणि त्याला दिलेली नावं

आमच्या भागात छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर काहीही दुखलं की त्याला पित्त म्हणतात. त्यामुळे तीन वर्षं या मुलाला पित्ताची गोळी चालू होती, रोज सकाळी उपाशीपोटी एक. मधे दोन-तीनदा दुखणं इतकं चढलं की सलाईन लावायला दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवसांनी उतरलं की पुन्हा कामावर.

मी विचारलं, दुखतं तेव्हा कसं बसलं की बरं वाटतं?

“उकिडवं बसून गुडघं पोटाशी घेतलं की जरा हलकं वाटतं. उताणं झोपलो की पाठीत पहार घातल्यागत हुतंय.”

हे वाक्य पित्ताचं नाही. स्वादुपिंड पोटाच्या अगदी मागच्या भिंतीला, मणक्याला लागून असतं. उताणं झोपल्यावर ते मणक्यावर ताणलं जातं, पुढं वाकलं की ताण सुटतो. म्हणून असे रुग्ण रात्र-रात्र गुडघ्यात डोकं घालून बसतात.

मग दुसरा प्रश्न. शौचाला कसं होतं, पाणी टाकलं की जातं का? तो आईकडं बघून खाली बघायला लागला. आईला बाहेर बसवलं तेव्हा म्हणाला, “तरंगतं. तेलकट असतंय. दोन-दोन बादल्या ओताव्या लागत्यात.” तीन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. अन्नातली चरबी पचवणारं लायपेज हे पाचकद्रव्य स्वादुपिंड तयार करतं. ग्रंथीची राखीव ताकद मोठी असते. लायपेजचं उत्पादन एकदशांशापर्यंत खाली येतं, तेव्हा कुठं शौचात तेल दिसायला लागतं. म्हणजे आतला कारखाना जवळजवळ बंद पडला होता.

आई पुन्हा आत आली ती एकच गोष्ट घेऊन: “पोरगं माझं पीत न्हाई ओ डॉक्टर. माळकरी घर हाय आमचं.”

तिच्या आवाजातल्या घाईचं कारण नंतर कळलं. वर्षभरापूर्वी एका दवाखान्यात रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं आणखी एक पाचकद्रव्य, थोडं वाढलेलं आलं. तिथल्या डॉक्टरांनी राऊंडला सगळ्या नातेवाइकांदेखत विचारलं, “किती घेतोस रोज?” मुलानं नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, सगळे असंच म्हणतात. खाटेजवळ भेटायला आलेल्या माणसांत ठरत आलेल्या स्थळाकडचे एक पाहुणे होते. स्थळ मोडलं. वडील वारी करणारे, गळ्यात तुळशीची माळ. ते त्या दिवसापासून मुलाशी मोजकंच बोलायला लागले.

पिशवीतले कागद

किराणा दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून आईनं सगळे कागद टेबलावर ओतले. त्यात तीन वर्षांत झालेल्या तीन सोनोग्राफींचे तीन अहवाल निघाले. तिन्हींत यकृत ठीक, पित्ताशयात खडा नाही, किडन्या ठीक. आणि तिन्हींत तेच इंग्रजी वाक्य, ज्याचं मराठी असं: आतड्यातील गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही.

दुसऱ्या अहवालावर सही माझी होती.

मला तो मुलगा आठवत नव्हता. छापील प्रतिमेच्या कोपऱ्यात वेळ होती, संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटं. लग्नसराईतला दिवस, बाहेर वीस-बावीस माणसं असणार. आमच्या संगणकात तेव्हा ते वाक्य एका बटणावर ठेवलेलं होतं. बटण दाबलं की वाक्य उमटायचं, कर्सर पुढच्या ओळीवर जायचा आणि मीही पुढच्या अवयवाकडं जायचो.

त्या वाक्याचा पुढं काय प्रवास झाला, ते मला त्या सकाळी त्या पिशवीतून समजलं. त्याच्या गावच्या डॉक्टरांनी अहवाल वाचून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ अशी नोंद केली. न दिसलेला अवयव त्यांच्या कागदावर चांगला अवयव झाला. आणि औषधाच्या दुकानातल्या पोरानं घरच्यांना तेच वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्यातला एकच शब्द त्यांना कळला. आई म्हणाली, “रिपोर्टात गॅस आलाय म्हणं, म्हणून वरीसभर गॅसचं चूरन दिलं की ओ.” मी तपासणीतली अडचण लिहिली होती, त्यांनी तिचं निदान केलं होतं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. अहवाल ज्याच्या पोटाचा असतो त्याच्या घरी तो कसा वाचला जाईल, याचा विचार लिहिणाऱ्यानं करायला हवा, आणि मी केला नव्हता.

त्या थर्मल कागदावरचं चित्र निम्मं उडालं होतं. खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं तर मधोमध पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ आणि ठिपक्यांखाली काळे पट्टे दिसत होते. तेव्हा मी याला आतड्यातली हवा म्हटलं होतं. मी तो कागद बाजूला काढून ठेवला.

ध्वनी कुठं अडतो

सोनोग्राफीचा ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगानं जातो. वाटेत हवा आली की त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी तिथूनच परत फिरतो, पलीकडं काही पोचत नाही. स्वादुपिंडाची जागा या दृष्टीनं फार अवघड आहे. साधारण पंधरा सेंटिमीटर लांब, वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत, मान आणि धड जठराच्या मागं, शेपूट डावीकडं प्लीहेपर्यंत, म्हणजे पाणथरीपर्यंत. म्हणजे पुढं जठराची हवा, खाली मोठ्या आतड्याची हवा. उभ्या उसाच्या फडातून पलीकडची विहीर शोधायची असेल तर सरींमधली फट धरावी लागते, तशी इथं फट धरावी लागते. बहुतेकांत ती फट यकृताच्या डाव्या भागातून मिळते. खोल श्वास घेतला की यकृत खाली सरकतं आणि स्वादुपिंडावर पांघरूण घातल्यासारखं येतं. यकृतातून ध्वनी छान जातो.

हवा माणूस गिळत असतो, हे आपल्याकडं विशेष सांगावं लागतं. तोंडात मावा किंवा तंबाखू धरली, मिसरी लावली की थुंकी आणि हवा दोन्ही पोटात जातात. या मुलाला फिजिशियननी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं: रात्री नऊनंतर जेवण नाही, सकाळी चहा नाही, मावा तर नाहीच. माझ्या मागच्या तपासणीला तो दुपारी तीनला वडापाव खाऊन आला होता आणि मी ते विचारलंही नव्हतं.

ती सव्वीस मिनिटं

पोटाची सोनोग्राफी आम्ही सवयीनं यकृतापासून सुरू करतो. “श्वास घ्या, धरा, सोडा” असं दहा वेळा म्हणून झालं की रुग्णानं दहा घोट हवा गिळलेली असते, आणि मग शेवटी स्वादुपिंडाकडं यायचं. म्हणून स्वादुपिंडासाठी आलेल्या माणसाचं स्वादुपिंड सगळ्यात आधी बघायचं. त्या दिवशी तसंच केलं.

उताणं झोपवून वक्र प्रोब छातीच्या हाडाखाली आडवा धरला. आधी ग्रंथी शोधायची नाही, तिच्या शेजारच्या रक्तवाहिन्या शोधायच्या. खाली मणक्याची पांढरी कमान. तिच्यावर महाधमनीचा काळा गोल. त्याच्यावर आतड्याला जाणारी धमनी, भोवती चरबीचं पांढरं कडं असलेला बारीक काळा ठिपका. आणि त्याच्यावरून आडवी जाणारी प्लीहेची शीर, एका टोकाला फुगीर, बेडकाच्या पिलासारखी. ही शीर म्हणजे आमचा हमरस्ता. तिला लागून वरच्या अंगाला जो पट्टा असेल तो स्वादुपिंड.

शीर दिसली. तिच्यावर पट्ट्याच्या जागी पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि खाली काळे पट्टे. दीड वर्षापूर्वीच्या कागदावर होतं तेच चित्र. खरं सांगतो, पहिल्या क्षणी डोळे पुन्हा ‘गॅस’च म्हणाले.

पण हवा एका जागी राहत नाही. प्रोबनं हळूहळू दाब दिला. एकदम दाबलं तर रुग्ण पोट आवळतो, म्हणून त्यानं श्वास सोडला की थोडं आत जायचं, धरून थांबायचं, पुढच्या श्वासाला आणखी थोडं. दोनेक मिनिटांत वरचं आतडं बाजूला सरकलं, त्याच्याबरोबर धुरकट सावल्याही सरकल्या. ठिपक्यांची ओळ मात्र शिरेवर होती तिथंच राहिली. डाव्या कुशीवर वळवलं, ओळ तिथंच. उठवून बसवलं, जठरातली हवा वर गेली, ओळ तिथंच. हवेची सावली मळकट असते, आत करड्या रेघा खेळत असतात. या ओळीतल्या मोठ्या ठिपक्यांची सावली स्वच्छ काळी होती, पित्ताशयातल्या खड्याची असते तशी.

मग पाणी. रात्री उकळून झाकून ठेवलेलं. उकळल्यानं पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते; नळाचं ताजं पाणी दिलं तर जठरात बुडबुडेच बुडबुडे दिसतात. अर्धा लिटर, स्ट्रॉनं, डाव्या कुशीवर पडून, सावकाश. पाच मिनिटं तसंच पडून राहायला सांगितलं. बाहेरून माणसं दारावर टकटक करत होती. आमच्या सहायक ताई बाहेर जाऊन सांगून आल्या की आत वेळ लागणार आहे.

पाच मिनिटांनी त्याला अर्धवट बसतं करून प्रोब ठेवला आणि जठर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं काळं, नितळ झालं होतं. त्या काळ्या खिडकीतून मागचा पट्टा डोक्यापासून धडापर्यंत सलग दिसला.

ग्रंथी सुकली होती. धडाची जाडी ९ मि.मी. एवढीच उरलेली. आतली मुख्य नलिका धडाच्या भागात फार तर दोन-अडीच मि.मी.ची असायला हवी, ती ८ मि.मी. रुंद होती, कडा वाकड्यातिकड्या. नलिकेत खडे. डोक्याकडच्या तोंडाशी सगळ्यात मोठा, ९ मि.मी.चा, बूच मारल्यासारखा. त्याच्यामागं बारीक बारीक अनेक. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा डॉप्लर लावला तर खड्यांमागं लाल-निळ्या रंगांची चमचम झाली. ती रक्ताची नसते, खडबडीत पृष्ठभागावरून ध्वनी परतताना यंत्रात उमटते, आणि हवा की खडा असा वाद असेल तेव्हा खड्याच्या बाजूनं साक्ष देते.

शेपूट समोरून कधीच धड दिसत नाही. त्याला उजव्या कुशीवर घेऊन डाव्या बरगड्यांमधून, प्लीहेच्या खिडकीतून पाहिलं. तिथंही नलिका रुंदच होती. पित्तनलिका ५ मि.मी., ठीक. पित्ताशयात खडा नाही. प्लीहेच्या शिरेत गुठळी नाही, भोवती पाण्याचा साठा नाही. गाठ आहे का, हे डोक्याच्या भागात मुद्दाम दोनदा पाहिलं, कारण अशा जुनाट सुजेच्या स्वादुपिंडात पुढं कर्करोगाचा धोका वाढतो आणि खड्यांच्या सावलीत गाठ लपू शकते. दिसली नाही.

प्रोब खाली ठेवला तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. निदान: स्वादुपिंडाचा जुनाट दाह, नलिकेत खड्यांसह. त्याचा मधुमेह, त्याचं तेलकट शौच, त्याच्या पट्ट्याची भोकं, सगळं या एका निदानात बसत होतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही याच ग्रंथीत असतात.

“दारूबिगर हुतंय का?”

भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा कायद्यानं सक्तीचा फलक आहे. आई आत आल्यापासून तो वाचत होती आणि मधेच म्हणाली होती, ही तपासणी बायकांची ना? पडद्यावरचे पांढरे ठिपके मी तिला दाखवले.

“खडं हायत? मूतखडा?”

नाही, स्वादुपिंडातले खडे. पचनाचा रस जिथून वाहतो त्या नळीत बसलेत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं. “दारूबिगर हुतंय का हे?”

होतं. या आजाराचा एक प्रकार आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातच ठळकपणे नोंदला गेला. १९५९ साली झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या रुग्णांवर लिहिलं, आणि केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तरुण, सडपातळ, दारूला न शिवलेली मुलं-मुली. नलिका खूप रुंद, खडे मोठे, मधुमेह लवकर. कसाव्याच्या कंदामुळं होत असावा असं एके काळी मानत, तो तर्क पुढं टिकला नाही. आता यातल्या बऱ्याच रुग्णांत ‘स्पिंक-१’ या जनुकात बदल सापडतो. दारू हे जुनाट दाहाचं मोठं कारण आहेच, तंबाखूचा धूरही आहे. पण सव्वीस वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडात खडे पाहून पहिला प्रश्न दारूचा विचारायचा आणि उत्तर आधीच ठरवून ठेवायचं, यानं माणसाचं काय होतं ते या घरात झालं होतं.

आई म्हणाली, “मराठीत लिवून द्याल का? ह्याच्या वडलांना वाचून दावायचंय.”

सोनोग्राफीवरून कुणी दारू प्यायला की नाही हे सांगता येत नाही, आणि तसं लिहिणं खोटं ठरलं असतं. मी लेटरहेडवर जे खरं आहे ते लिहिलं: ‘यांच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे आहेत. हा आजार दारू न पिणाऱ्या तरुणांनाही होतो. यांच्या तपासणीतले चित्र त्या प्रकाराशी जुळते.’ खाली सही, शिक्का. तिनं तो कागद पिशवीत टाकला नाही. चार घड्या घालून कनवटीला लावला.

मग मी बाजूला ठेवलेला जुना थर्मल कागद मुलासमोर धरला. हे ठिपके बघ, म्हटलं, दीड वर्षापूर्वीच हे खडे होते. मी त्यांना गॅस म्हणालो. ही सही माझी आहे.

त्यानं कागद बराच वेळ बघितला. “तवा मी वडापाव खाऊन आलतो, डॉक्टर,” तो म्हणाला. आई काही बोलली नाही.

पुढची वाट

त्याच दिवशी पोटाचा साधा एक्स-रे काढला. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यावरून आडवी जाणारी खड्यांची माळ त्यात स्पष्ट आली. हा एक्स-रे तालुक्याच्या गावीही निघाला असता. रक्तातलं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड तपासलं, कारण तीही कारणं असू शकतात, दोन्ही ठीक. अमायलेज आणि लायपेज त्या दिवशी नॉर्मल होते. सुकलेल्या ग्रंथीत वाढायला काही उरत नाही, म्हणून जुनाट दाहात नॉर्मल अमायलेजवर विसंबू नये. शौचाच्या नमुन्यातलं इलास्टेज, हेही स्वादुपिंडाचंच पाचकद्रव्य, ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असावं लागतं, त्याचं १०० च्याही खाली आलं. मग सीटी स्कॅन: तेच खडे, तीच नलिका, गाठ नाही.

नलिका मोकळी करायला दोन वाटा असतात. बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडे फोडायचे आणि एंडोस्कोपीनं काढायचे, किंवा शस्त्रक्रिया करून नलिका लांबीत उघडायची, खडे काढायचे आणि तिला लहान आतडं जोडून द्यायचं. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं दुखणं आधी एंडोस्कोपीची वाट धरलेल्यांपेक्षा अधिक कमी झालं. या मुलाची नलिका रुंद होती, खडे पार शेपटापर्यंत होते. पोटाच्या सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली आणि घरच्यांनी मान्य केली. मामा महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर कागद घेऊन चार दिवस फिरले.

औषधांचं थोडक्यात. पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल जेवणाच्या घासांबरोबर घ्यायच्या, जेवणाआधी तासभर नाही, नाहीतर अन्न येईपर्यंत त्या पुढं निघून जातात. इन्सुलिन सुरू झालं, पण जपून. या प्रकारात साखर वर उचलणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं, त्यामुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात गुळाचा खडा कायम ठेवायला सांगितलं.

सोनोग्राफीला सगळं दिसतं, असा समज मात्र यातून व्हायला नको. नलिका अजून रुंद झालेली नाही अशा सुरुवातीच्या दाहात ती चकते. एक-दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ, विशेषतः शेपटातली, सुटून जाऊ शकते. स्थूल माणसात पाणी पाजूनही काही वेळा निम्मीच ग्रंथी हाती लागते. अचानक आलेल्या तीव्र दाहात आतडी फुगलेली असतात, तिथं सोनोग्राफीचं मुख्य काम पित्ताशयातला खडा शोधणं हे असतं. अशा वेळी सीटी, एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी लागते. पण ती लागणार आहे हे अहवालानं सांगायला हवं.

संगणकावरचं ते बटण मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. आता टंकायलाच लागतं: कोणता भाग दिसला, कोणता नाही, रुग्ण उपाशी होता का, पाणी देऊन पाहिलं का, आणि न दिसलेल्या भागासाठी पुढं काय करावं. दुखणं पाठीत जात असेल, वजन घटत असेल किंवा मधुमेह नव्यानं निघाला असेल, तर त्या अहवालात ‘न दिसणे म्हणजे नॉर्मल नव्हे’ हे वाक्य मराठीत लिहितो. मागच्या दोन वर्षांतले जुने अहवाल उघडून, ज्यांच्या चिठ्ठीवर यातलं काही लिहिलेलं होतं त्यांना फोन केले. काही आले. त्यांना उपाशीपोटी, पाणी पाजून, पुन्हा पाहिलं.

पाच महिन्यांनी

द्राक्षांचा हंगाम संपून शेडवर बेदाणा पडायला लागला त्या सुमारास तो पुन्हा तपासणीला आला. वजन ५५. उताणं झोपतो, म्हणाला. नलिका ४ मि.मी.वर आली होती, डोक्यात एक-दोन बारीक खडे राहिले होते, त्यांचं काही करायचं नव्हतं. इन्सुलिन चालू आहे, ते चालूच राहील. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पट्टा तोच होता, बक्कल मधल्या भोकात.

या वेळी वडील बरोबर आले होते. गळ्यात माळ, हातात टोपी. माझ्याशी ते मशीनबद्दल बोलले, पाऊसपाण्याबद्दल बोलले. मुलगा टेबलावरून उतरताना त्याच्या चपला त्यांनी वाकून पुढं सरकवल्या.

निघता निघता आई दारात थांबली. “धाकटीचंबी पोट दुखतंय कधीमधी. हिलाबी बगता का?” एकोणीस वर्षांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती, तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी. घरात एकाला हा आजार असताना सख्ख्या बहिणीचं पोट दुखतं म्हटल्यावर पुढच्या आठवड्यावर टाकायचं नव्हतं. विचारलं, काय खाल्लंय? आईनं आधीच उपाशी आणलं होतं. पाण्याची बाटलीसुद्धा उकळून, गार करून पिशवीत होती.

अहवालात लिहिलं: स्वादुपिंडाचे डोके, मान, धड आणि शेपूट हे चारही भाग पाणी देऊन पाहिले, चारही दिसले. नलिका १.५ मि.मी. खडे नाहीत. सुरुवातीचा दाह सोनोग्राफीत दिसतोच असे नाही. भावाला हा आजार असल्याने दुखणे वाढले, पाठीत जाऊ लागले किंवा वजन घटले तर थांबू नये.

मुलीनं तो तिथंच उभ्यानं आईला मोठ्यानं वाचून दाखवला.